आक्रमक सैन्याची नवी चढाई यशस्वी होईल का, हे कसे जोखावे?
केवळ रणगाडे मोजून हे सांगता येत नाही. माझ्या मते आधी रसद पाहावी. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस कीव्हकडे निघालेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा इंधनटंचाई, नादुरुस्त वाहने आणि युक्रेनियन हल्ले यांमुळे वाटेतच खोळंबला, आणि डांबरी रस्ता सोडला की अवजड वाहने चिखलात रुतत होती. बचावकर्त्याला किती वेळ मिळाला, हेही तितकेच महत्त्वाचे: दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये जर्मनांनी रशियातील कुर्स्क शहराभोवतीच्या सोव्हिएत आघाडीवरची चढाई मे महिन्यावरून ५ जुलैपर्यंत लांबवली, तेवढ्यात सोव्हिएत फौजांनी सुरुंग पेरून खंदकांच्या अनेक फळ्या उभारल्या. अशा फळ्या शेवटी पायदळालाच फोडाव्या लागतात. ते थकलेले असेल आणि मागे राखीव तुकड्या नसतील, तर मिळालेली वाट वाया जाते आणि जीव मात्र हकनाक जातात.