‘किडनी वायली’ हा प्रयोग कितपत बरोबर?

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या खारपाणपट्ट्यात (भूजल खारे असलेल्या भागात) मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने आजारी असलेल्या माणसाविषयी ‘त्याची किडनी वायली’ असे म्हणतात, तर लिहिताना ‘निकामी झाली’ असे लिहितात. यांतले योग्य कोणते?

‘वायली’ म्हणजे ‘वाळली’. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. या प्रयोगामागे निरीक्षण आहे, कारण जुन्या विकारात सोनोग्राफीमध्ये मूत्रपिंड बहुधा लहान झालेले दिसते. (मधुमेहात मात्र ते पुष्कळदा आकाराने शाबूत असूनही काम सोडत असते.) अडचण आहे ती क्रियापदाची. वाळणे म्हणजे ओल जाणे, आणि येथे घडते ते निराळेच. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे 10 लाख सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, असतात. त्यांच्या नलिकांतील पेशींना इजा झाली, तर शेजारच्या पेशी विभागून ती भरून काढतात. परंतु इजा वारंवार होत राहिली की काही पेशी अर्धवट सावरलेल्या अवस्थेतच अडकतात आणि आसपासच्या तंतुजनक पेशींना चेतवत राहतात. या तंतुजनक पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जाळे विणत जातात, त्यांतल्या काहींना स्नायुपेशींसारखी आकुंचनाची शक्ती येते, आणि भाजलेली कातडी वण धरताना ओढली जाते तसे मूत्रपिंड आतून ओढले जाते. नेफ्रॉनमधील गाळणीवरील पोडोसाइट पेशी तर प्रौढपणी जवळजवळ विभागतच नाहीत. त्या गळाल्या की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. उरलेल्या नेफ्रॉनवर वाढीव भार येऊन तेही खचतात, म्हणूनच मूळ कारण दूर झाल्यावरही विकार पुढे सरकू शकतो.

‘निकामी’ हा शब्द अखेरच्या टप्प्यालाच शोभतो. निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो रक्तातील टाकाऊ पदार्थ) नजरेत भरण्याइतके वाढलेले नसते आणि माणूस शेतात राबत असतो. त्याला निकामी म्हणणे अयोग्य आहे.

माझ्या मते ‘किडनीने वण धरला’ किंवा ‘किडनी आकसली’ असे म्हणावे. हा केवळ शब्दाचा काटेकोरपणा नव्हे. ‘वायली’ म्हटले की ‘पानी जास्त पेत जाय’ हा सल्ला ओघानेच येतो, आणि ज्याची लघवी घटली आहे, पाय सुजले आहेत, अशा रुग्णाच्या तो जिवावर बेतू शकतो. त्याने दिवसाला किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.