विचारा की! : पुण्यात जर्नालिझम करायचंय, पण कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, मी बार्शीची, यंदा पॉलिटिकल सायन्समधून बीए झालंय. पुण्यात जर्नालिझम करायचंय. मैत्रीण म्हणते सिम्बायोसिसच कर, प्लेसमेंट भारी असते. मामा म्हणतो रानडे इन्स्टिट्यूट सोडून दुसरीकडे जाऊच नको. पप्पांचं म्हणणं असं की एवढा खर्च करून शेवटी पगार किती मिळणार? मला मराठीतच लिहायला आवडतं पण इंग्लिश कच्चं राहील अशी भीती पण वाटते. काय करू?

उत्तर : अगं आधी एक घोळ निस्तरू. सिम्बायोसिसची पुण्यात दोन वेगळी कॉलेजं आहेत, विमाननगरचं बारावीनंतरच्या डिग्रीसाठी, ते तुझ्या कामाचं नाही. पदवीनंतरचं लवळ्याला, आणि तिथं एमबीएपण आहे ज्यात बरीच मुलं जाहिरात-ब्रँडिंगकडे जातात. त्यामुळे मैत्रीण प्लेसमेंट म्हणते ते नेमकं कशाचं हे तिला विचार. एजन्सीतली नोकरी आणि बातमीदारी एका तराजूत तोलू नकोस.

रानडे म्हणजे पुणे विद्यापीठाचाच पत्रकारिता विभाग, १९६४ पासूनचा, फर्ग्युसन रोडवर. फी हजारांत, खाजगीकडे तीच लाखांत जाते, पप्पांचं अर्धं टेन्शन इथंच कमी होईल. मराठी पेपरांच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित होतात तिथं, रानडेचं कुणी ना कुणी भेटतंच. २०२१ मध्ये हा विभाग तिथून हलवून विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात विलीन करायचं चाललं होतं तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी केवढा दंगा केला, शेवटी स्थगिती आली. मला विचारशील तर जागेचा मुद्दा खराच मोठा आहे, कारण महापालिका, डेक्कन, गांजवे चौकातलं पत्रकार भवन सगळं चालत जाण्यासारखं, आणि लवळ्याच्या डोंगरावरून रोज वॉर्ड ऑफिसला कोण येणार सांग! पण मामाचं ‘दुसरीकडे जाऊच नको’ काही मला पटत नाही, जुन्या नावावर किती वर्षं जगायचं. कोथरूडला एमआयटी आहे, गुलटेकडीला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिकडेही एक चक्कर मार.

गेलीस की स्टुडिओ दाखवतील, ते कॅमेरे-लाइट बघून भुलू नको. पोरांनी काढलेला प्रॅक्टिसचा अंक मागायचा, मागच्या दोन-तीन महिन्यांतला. त्यातली एक बातमी वाच, समज कचऱ्याची. फक्त ‘अधिकाऱ्यांनी सांगितले’ एवढंच असेल तर ती प्रेसनोटवरनं उतरवलीये. पण त्यात गल्लीचं नाव, गाडी किती दिवस आली नाही, एखाद्या बाईचं तिच्या नावानिशी म्हणणं आणि त्यावर आरोग्य निरीक्षकाचं उत्तर असेल तर त्या पोराला कुणीतरी बाहेर पिटाळलंय आणि कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, परत परत लिहून घेतलीये. असं करून घेणारा एक जरी मास्तर असला तरी ते कॉलेज घे. शिवाय शिकवणाऱ्यांपैकी न्यूजरूममध्ये काम केलेले किती आणि माहिती अधिकाराचा अर्ज पोरांकडून खरोखर टाकून घेतात का, हेही विचार.

इंग्लिशचं म्हणशील तर लिहिता नाही आलं तरी चालेल, वाचता यायलाच पाहिजे. कोर्टाचे निकाल, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल, कंपन्यांचे कागद बरेचसे इंग्लिशमध्येच असतात. रोज एक इंग्लिश पेपर वाच आणि त्यातल्या एका बातमीची मराठीत दहा ओळींची कॉपी लिही. ते लवळ्याला गेलं तरच होतं असं काही नाही.

आणि पगार, पप्पा बरोबर बोलतायत. मराठीत सुरुवात कमीच असते, जिल्ह्याला स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नाही तर बातमीमागे पैसे मिळणारी बातमीदार, म्हणून लागलीस तर आणखी कमी. म्हणूनच कर्ज काढून लाखांची फी भरायला माझा सरळ विरोध आहे, हप्ता डोक्यावर असला की माणूस पहिल्या वर्षीच पीआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या प्रसिद्धीच्या कामात, पळतो. पुण्यातल्या रूमचं भाडं जमत नसेल तर सोलापूर विद्यापीठातही मास कम्युनिकेशनचा विभाग आहे, घरापासून जवळ पडेल, त्यात कमीपणा कसला?

प्रश्न : बारावी झालो, अँकर व्हायचंय. एफटीआयआयमध्ये घेतील का?

उत्तर : नाही रे, ते लॉ कॉलेज रोडवरचं इन्स्टिट्यूट सिनेमा-टीव्हीचं तंत्र शिकवतं, बातम्यांचं नाही. आधी कुठल्याही विषयात नीट बीए कर, इतिहास घे, इकॉनॉमिक्स घे, काहीही. आणि अँकर व्हायचं असेल तर दोन वर्षं रिपोर्टिंग केल्याशिवाय त्या खुर्चीकडे बघूसुद्धा नको.