मुखपृष्ठावरची लॉरेन्स

प्रश्न : ताई, माझी बारा वर्षांची लेक रोलर स्केटिंग करते. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या विमान अपघातात लहान स्केटर मुलं गेली, तेव्हा बातम्यांत १९६१ च्या अपघाताचाही उल्लेख होता. त्यात गेलेल्या लॉरेन्स ओवेन या अमेरिकन स्केटर मुलीचं नाव लेकीने वहीत लिहून ठेवलंय, रोज काहीतरी विचारते. तिला काय सांगू, किती सांगू?
– एक आई, पुणे

उत्तर : अपघात शेवटी सांगा. बावीस वर्षं मुलांना स्केटिंग शिकवतेय. लॉरेन्सची गोष्ट मी नेहमी इंग्रजी आठाच्या आकड्यापासून सुरू करते. त्या काळी बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे साठ टक्के गुण या ‘फिगर्स’ना असत. एका पायावर बर्फात वर्तुळ काढायचं, मग दुसऱ्या पायावर, आणि पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून जायचं. संगीत नाही. परीक्षक वाकून रेघा तपासायचे. फरशीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून फिरताना तुमची लेक कंटाळत असेल, तर हे तिला जरूर सांगा.

लॉरेन्स बोस्टनजवळच्या विंचेस्टरची. आई मॅरिबेल व्हिन्सन नऊ वेळा अमेरिकेची विजेती, १९३२ च्या ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती, आणि लेकींची कोचही तीच. वडील गाय ओवेनही स्केटर. ते १९५२ मध्येच गेले. आईने एकटीने, आजीच्या आधाराने, दोन्ही मुलींना वाढवलं आणि घडवलं. आई आणि कोच एकच असणं किती अवघड, हे मी रिंकवर पाहिलंय. त्या घराचं मला फार अप्रूप वाटतं.

लॉरेन्सचे केस आखूड कापलेले, हसू मोठं. ती कविताही लिहायची. पंधराव्या वर्षी, १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ती सहावी आली. पुढच्या वर्षी अमेरिकेचं विजेतेपद तिचं, जोडी प्रकारातलं तिच्या मोठ्या बहिणीचं. मग उत्तर अमेरिकेचं विजेतेपदही लॉरेन्सने जिंकलं. १३ फेब्रुवारी १९६१ च्या ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तिचा फोटो होता.

दोनच दिवसांनी, १५ तारखेला, प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेल्या अमेरिकन संघाचं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं. विमानातले बहात्तरही जण गेले, शेतात काम करणारा एक शेतकरीही गेला. संघातले अठरा स्केटर होते. लॉरेन्स सोळा वर्षांची होती. आई आणि बहीण त्याच विमानात होत्या. विंचेस्टरच्या घरात आजी एकटी उरली. प्रागची स्पर्धा रद्द झाली.

बारा वर्षांच्या मुलीला हे एवढं सांगावं, लपवू नये. अवशेषांचे फोटो मात्र दाखवू नका. तिने ‘मग पुढे?’ विचारलं, तर अमेरिकन स्केटर पेगी फ्लेमिंगचं सांगा. तिचा कोच त्या विमानात होता, तेव्हा ती तुमच्या लेकीएवढीच, बारा वर्षांची होती. गेलेल्यांच्या नावाने उभारलेल्या निधीतून तिला मदत मिळाली आणि १९६८ मध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आणि मॅरिबेलचा शिष्य फ्रँक कॅरल पुढे मिशेल क्वान या नामवंत अमेरिकन स्केटरचा कोच झाला.

पण त्याआधी एक करा. लॉरेन्सची १९६१ च्या राष्ट्रीय स्पर्धेतली कृष्णधवल चित्रफीत आजही पाहायला मिळते. दोघी शेजारी बसून ती बघा. लेकीला नुसते पाय बघू दे, लॉरेन्स स्केटच्या पात्याच्या कुठल्या कडेवर वळते ते ओळखू दे. मग काय ओळखलं ते मला कळवा.