प्रश्न तुमचे : एबीएसचा दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही

प्रश्न : नमस्कार. माझी गाडी १५ वर्षं जुनी आहे. एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा आधी कधीतरी पावसात लागायचा आणि आपोआप जायचा, आता गाडी थोडी पुढे गेली की लागतो तो बंद करेपर्यंत जात नाही. ब्रेक नेहमीसारखेच लागतात. मेकॅनिकने स्कॅनर लावला तर पुढच्या डाव्या चाकाचा कोड आला आणि तो म्हणाला सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. मी पॅड, फिल्टर वगैरे घरीच बदलतो आणि व्हिडिओत तर एकच बोल्ट काढताना दिसतात. हे घरी करू का? नंतर ब्रेकची हवा काढावी लागेल का? – एक वाचक

उत्तर : पॅड बदलता येत असतील तर हेही जमेल. आणि हवा काढायची गरज नाही, कारण हा सेन्सर फक्त चाकाचा वेग मोजतो, ब्रेक ऑइलच्या लाइनशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे लाइन कुठे उघडायचीच नाहीये.

पण सेन्सर मागवायच्या आधी जरा थांबा. स्कॅनरने एवढंच सांगितलंय की डाव्या पुढच्या चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. का येत नाही ते त्याला कळत नाही. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, बेअरिंग, यातलं काहीही बिघडलं तरी बऱ्याचदा कोड तोच येतो. आणि तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला पावसात दिवा लागायचा, त्यावरून माझा पहिला संशय वायर आणि कनेक्टरवर जातो. पुढच्या चाकाची वायर प्रत्येक वळणावर पिळली जाते, खड्ड्यात वर-खाली ताणली जाते, वर्षानुवर्षं असं होऊन आतली तार तुटते किंवा वरचं रबर तडकतं आणि पाणी आत जातं. चाक काढून वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून बघा, विशेषतः जिथे ती ब्रॅकेटमधून बाहेर येऊन वाकते तिथे. कनेक्टर उघडून बघा, पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा आणि चार दिवस गाडी चालवून बघा. काही वेळा काम इथेच संपतं.

नाही संपलं तर मल्टिमीटर काढा. सेन्सर दोन जातीचे असतात आणि दोन्हींना दोनच वायरी, त्यामुळे नुसतं बघून ओळखू येत नाहीत, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा पार्ट नंबरवरून आधी जात शोधा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि कॉइल असते, त्याचा रेझिस्टन्स साधारण १ ते २ किलोओमच्या आसपास येतो, कमी-जास्तही असतो, म्हणून उजव्या चाकाचा पण मोजा आणि दोन्ही ताडून बघा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने जोरात फिरवलं तर थोडे मिलिव्होल्ट दिसायला हवेत. नंतरच्या गाड्यांमध्ये ॲक्टिव्ह सेन्सर आले, त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्यांना ओममध्ये मोजू नका, त्यातून काही कळणार नाही, उलट सर्किट खराब होऊ शकतं. तिथे चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर साधारण बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर नवा सेन्सर टाकूनही काही होणार नाही, गडबड पुढे वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात आहे.

आणि रिंग विसरू नका! बऱ्याच जुन्या गाड्यांत ती ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावर बसवलेली असते, तिच्याखाली गंज धरला की तो फुगतो आणि रिंगला चीर पाडतो. याची खूण म्हणजे गाडी अगदी हळू, थांबायच्या बेतात असताना पेडल पायाखाली घरघरतं, कारण चिरेच्या जागी सिग्नल तुटतो आणि मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं. टॉर्च घेऊन रिंग पूर्ण एक फेरा फिरवून बघा. काही गाड्यांत वेगळी रिंग नसतेच, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. अशा गाडीचं बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागायला लागला असेल तर ते उलटं बसवलंय का हे आधी तपासा, पट्टी दुसऱ्या बाजूला गेली की सेन्सरला काही वाचायलाच मिळत नाही.

आता सगळं तपासून सेन्सरच गेलाय असं ठरलं तर खरं काम सुरू होतं, आणि ते बसवायचं नाही, काढायचं आहे. व्हिडिओत सेन्सर लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो कारण ती गाडी बहुतेक नवी असते. तुमच्या गाडीत प्लास्टिकचा सेन्सर १५ वर्षं लोखंडी भोकात बसलाय आणि भोवतीच्या गंजाने त्याला आवळून धरलंय. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, पण डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नका, मध्ये कापड धरा. दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना अडण लावून, चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मगच जॅक लावा आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की सेन्सरपाशी हात पोचतो. बोल्ट छोटा असतो, बहुतेक वेळा १० चा पाना किंवा ५ ची ॲलन की. हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडा, त्याने गंजाची पकड सुटते. सेन्सर पण सरळ ओढायच्या आधी डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, तो फिरायला लागला म्हणजे निघालाच समजा.

तुटला तर घाबरू नका, पण तुकडा ठोकून आतही ढकलू नका, तो रिंगवर जाऊन पडतो. उरलेल्या तुकड्यात बारीक ड्रिल मारायचं, त्यात एक स्क्रू पिळायचा आणि स्क्रू पक्कडीत धरून ओढायचं. ड्रिल मारण्याआधी नवा सेन्सर शेजारी धरून किती लांब आत जातो ते मोजा आणि बिटवर त्याच्या बऱ्याच अलीकडे टेप गुंडाळा, टेपच्या पुढे ड्रिल गेलं तर रिंगचे दाते गेले. यासाठी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढावाच लागला तर तो ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

भोक घासताना कंटाळा करू नका. सेन्सर जिथे टेकतो ती कड गंजाने उचललेली राहिली तर सेन्सर आणि रिंगमधली फट वाढते, ती फट मुळात साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरच असते. पॉलिश पेपरने कड चकचकीत करा, घासलेला कीस आत जाऊ देऊ नका, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात सेन्सरच्या अंगाला लावा, टोकाला नाही. बोल्टला फार जोर नको, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं. वायर जुन्या रस्त्यानेच सगळ्या क्लिपांमधून न्या आणि चाक लावायच्या आधी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर कुठे ताणली जात नाही ना ते बघा.

दिवा लगेच गेला नाही तर चिडू नका. बऱ्याच गाड्यांत थोडं अंतर चालवल्यावर मॉड्यूल स्वतः तपासून दिवा घालवतं, काहींत कोड स्कॅनरनेच पुसावा लागतो, आणि साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात हे लक्षात ठेवा. एबीएसचा लाइव्ह डेटा दाखवणारा मिळाला तर सरळ रस्त्यावर चारही चाकांचा वेग सारखा दिसतोय ना ते बघायचं, याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

प्रश्न : पिवळा दिवा लागलेला असताना गाडी वापरायची का? – आणखी एक वाचक

उत्तर : नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त एबीएस बंद असतं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) असेल तर ते पण बहुतेक बंद होतं. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून, बेताने चालवून दुरुस्तीपर्यंत न्या, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. पण सोबत ब्रेकचा लाल दिवा पण लागला तर गाडी चालवू नका. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे ते बघा, दोन्ही ठीक असेल तरी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते, तिथे टोइंगच.

प्रश्न : माझ्या गाडीत पॅडचा दिवा लागलाय, तो पण याच सेन्सरचा का?

उत्तर : नाही, तो वेगळा. काही गाड्यांत पॅडमध्ये एक बारीक वायर असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून तुटते आणि दिवा लागतो. पॅड आणि तो सेन्सर दोन्ही बदला, घासून तुटलेला परत वापरता येत नाही.