गाडी आयडलला थरथरते, पिकअप गेलाय, चेक इंजिनचा दिवा लागतो. ट्यून-अप करून टाकू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, ७०,००० किमी चाललेली. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं, चढावर गाडी उठत नाही, ॲव्हरेज घसरलंय आणि पिवळा दिवा कधी लागतो, कधी विझतो. गॅरेजवाल्याने प्लग, चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नळी) क्लीनिंग आणि ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) अशी यादी दिलीय.

माझं मत स्पष्ट आहे: ती यादी आज मान्य करू नका. दोष शोधणं आणि ट्यून-अप ही दोन वेगळी कामं आहेत. ट्यून-अप म्हणजे झिजणारे भाग मुदतीत बदलणं आणि साफसफाई. त्याने कधीकधी दोषही जातो, पण का गेला ते कळत नाही. गेला नाही, तर चार कॉइलचे पैसे भरूनही थरथर तशीच राहते. आधी कोणता सिलिंडर काम करत नाही ते पक्कं करा. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. दिवा स्थिर लागलेला असेल तर गाडी सांभाळून चालवता येते. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) इतकं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतंय. त्याची आतली जाळी वितळते, आणि तो भाग इंजिनवरच्या बहुतेक सगळ्या सुट्या भागांपेक्षा महाग असतो. लुकलुकताना ॲक्सिलरेटर लगेच सोडा. तरीही लुकलुकत राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आता तपासणी. सुरुवात बॅटरीपासून, कारण व्होल्टेज कमी असलं की इंजिनचा कॉम्प्युटर भलतेच कोड देतो. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली बराच घसरत असेल तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलची जोडणी बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ आले की बहुतेक गाड्यांत अल्टरनेटर ठीक समजायचा. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेवढं लक्षात ठेवा.

मग स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचायची जागा) ब्लूटूथवाला साधा स्कॅनर लावा आणि कोड लिहून घ्या. दिवा घालवायला बॅटरीची तार काढू नका. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम'ही पुसली जाते. कोड आला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन गरम होतं की थंड, लोड किती होता हे सगळं तिच्यात असतं. ही माहिती परत मिळत नाही. पी-०३०१ ते पी-०३०४ म्हणजे अनुक्रमे १ ते ४ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी-०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही. त्यामागे बहुधा सगळ्या सिलिंडरांना सामायिक कारण असतं, जसं हवेची गळती किंवा पेट्रोलचा दाब कमी. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. इथे एक फसगत नेहमी होते: पी-०१७१ वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. सेन्सर बहुतेक वेळा खरं सांगत असतो, दोष दुसरीकडे असतो.

मिसिंग कधी होतं यावरूनही बरंच कळतं. आयडलला थरथर आणि २,५०० आरपीएमला रेस दिल्यावर इंजिन गुळगुळीत, असं असेल तर इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत) कुठूनतरी हवा शिरतेय किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट झालेत, म्हणजे त्यांचं अंतर कमी झालंय. आयडलला ठीक आणि चढावर झटके, असं असेल तर प्लग-कॉइलवर संशय घ्या. लोड वाढला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थकलेली कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग नेमका तिथे कमी पडतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, यातही कॉइल आणि टॅपेट हेच दोन उमेदवार. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आहेत, म्हणून अंदाज न बांधता खालची परीक्षा करा.

समजा कोड पी-०३०२ आला. इंजिन बंद आणि थंड असताना २ नंबरची कॉइल काढून ३ वर लावा, ३ ची २ वर. कोड पुसा आणि गाडी थोडी चालवून आणा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल खराब, तेवढी एकच बदला. पी-०३०२ च राहिला तर हाच खेळ प्लगचा करा. प्लगची अदलाबदल करूनही मिसिंग २ वरच राहिलं, तर कॉइलला येणाऱ्या कनेक्टरची पिन सैल आहे का बघा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर उत्तर मिळूनही उपयोग नाही.

प्लग बाहेर आलेच आहेत तर चारही काढलेल्या क्रमाने मांडून ठेवा आणि नीट बघा. टोकाशी फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल आत येतंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं टोक म्हणजे सिलिंडर फार तापतोय. चारपैकी एकच प्लग चकचकीत धुतल्यासारखा दिसला आणि कूलंटची टाकी हळूहळू उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि हेडच्या मधली सील) विचार करा. प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे) ऑइल साचलेलं असेल तर मात्र घाबरू नका. टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीची रबरी सील गेलेली असते. पण ती बदलल्याशिवाय नवी कॉइल लावू नका, ऑइलने तिचं रबर फुगून तीही जाईल.

स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' हे दोन आकडे दिसतात, तेही बघा. कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते त्यांत दिसतं; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा बदल, लाँग टर्म म्हणजे त्याला लागलेली सवय. इंजिन तापलेलं असताना शॉर्ट आणि लाँग टर्म मिळून शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे ५ टक्क्यांत असावेत. १० च्या पलीकडे गेले तर कारण शोधायचं. आयडलला अधिक १५-२० आणि रेस दिल्यावर शून्याकडे, म्हणजे हवेची गळती: फाटका व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, अडकून उघडा राहिलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेककडे सोडणारा). उलट लोड वाढेल तसा आकडा वाढत गेला तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). फक्त एक सावधगिरी: मिसिंग चालू असताना न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि आकडा खोटाच वर चढतो. म्हणून आधी मिसिंग काढा, मग ट्रिमवर विश्वास ठेवा. गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो पेटतो. साध्या पाण्याचा बारीक फवारा इनटेकच्या सांध्यांवर मारा, सेन्सर आणि कनेक्टर वाचवून. आयडल बदलला की जागा सापडली.

कॉम्प्रेशन बघायचं असेल तर इंजिन कोमट, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १२० ते १८० पीएसआयच्या दरम्यान काहीतरी येतं, पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट.

इथवर दोष सापडलेला असतो. आता खरा ट्यून-अप, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान प्लग बसवताना होतं.

साधे निकेलचे प्लग २०,००० ते ४०,००० किमीला बदलायचे, इरिडियमचे ८०,००० ते १,००,००० पर्यंत चालतात. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे ओढले जातात. कॉइल काढल्यावर विहिरीत हवा मारून धूळ-खडे उडवा, तेव्हाच प्लग सैल करा. नाहीतर तो कचरा थेट पिस्टनवर पडतो. नव्या प्लगचा गॅप तारेच्या गेजने तपासा, साधारण ०.७ ते १.१ मिमी, पण नेमका आकडा मॅन्युअलचाच. इरिडियमचं मधलं टोक बारीक आणि ठिसूळ असतं, त्यावर गेज दाबू नका आणि तारेचा ब्रश तर अजिबात नको.

प्लग हाताने, नुसत्या एक्स्टेंशनने किंवा रबरी नळीच्या तुकड्याने पहिले काही आटे फिरवा. अडकल्यासारखं वाटलं तर उलटा फिरवून पुन्हा सुरू करा, रॅचेट लावून जोर करू नका. हेडचे आटे एकदा गेले की साध्या कामाचं मोठं काम होतं. टॉर्क: १४ मिमीच्या वायसरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर नवा वायसरवाला प्लग हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वायसर नसलेल्या शंकूच्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश फेरा; इथेच जास्त आवळलं जातं. मुलामा दिलेल्या प्लगला ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, त्याने तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त आवळतो.

एअर फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. एअरफ्लो सेन्सरला फक्त त्याचाच क्लीनर चालतो, ब्रेक क्लीनर किंवा कापूस लावला की बारीक तार गेली. थ्रॉटल बॉडीच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाकळीमागे काळा कार्बन साचतो आणि आयडल बिघडतो. तिथे स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. सफाईनंतर आयडल काही काळ चढा राहू शकतो; काही गाड्यांना स्कॅनरने 'आयडल रीलर्न' द्यावं लागतं.

इंजेक्टर क्लीनिंगबद्दल: तुमच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल, तर टाकीत ओतायचं ॲडिटिव्ह इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. तिथला कार्बन इनटेक काढूनच साफ करावा लागतो. अशा गाडीची हाय-प्रेशर पेट्रोल लाइन घरी उघडू नका, तिच्यातला दाब जखमी करण्याइतका असतो.

टॅपेट हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर आपोआप अंतर राखणारे) नसतील तर त्यांचं अंतरही मोजून घ्या. गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल तर हे आधी करा, कारण कोरड्या इंधनाने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात आणि अंतर कमी होत जातं. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापल्यावर आयडलला थरथर सुरू होते आणि पुढे व्हॉल्व्हची कड जळते.

सगळं झाल्यावर कोड पुसा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा आणि दिवा लागलेला नसला तरी 'पेंडिंग' कोड (नोंदले गेलेले, पण अजून दिवा न लावणारे) बघा. तोच सिलिंडर परत आला तर गॅरेजमध्ये ट्यून-अप मागू नका, लीक-डाउन टेस्ट मागा आणि स्वतः शेजारी उभे राहा. त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आत दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून ठेवलं आणि त्यात बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट.