वाचकांचे प्रश्न : जावा क्लासवरून टेबले कशी करावीत?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचा जुना जावा प्रोग्रॅम माझ्याकडे आला आहे. क्लास चाळीसेक आहेत आणि सगळा डेटा ऑब्जेक्ट सिरियलाइझ करून (म्हणजे जसाच्या तसा बाइट्समध्ये बदलून) फाइलमध्ये ठेवलेला आहे. तो पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर न्यायचा आहे. हायबरनेटला (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत ठेवणाऱ्या लायब्ररीला) क्लास दिले की टेबले आपोआप होतात म्हणतात. तशीच वापरू का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : टेबले होतात, पण ती थेट डेटाबेसमध्ये करू नका. जेपीए (हायबरनेट ज्या प्रमाणित नियमांवर चालते ते) २.१ पासून स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, तयार करण्याची सोय प्रमाणित झाली आहे. तिच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रिप्ट्स ॲक्शन’ला ‘क्रिएट’ द्या आणि टार्गेट म्हणून फाइलचे नाव द्या. सगळी एसक्यूएल त्या फाइलमध्ये येईल. ती ओळ न् ओळ वाचा, कारण खरे काम तिथे आहे.

त्याआधी एक काळजी घ्या. टेबलासाठी क्लासमध्ये आयडीचे फील्ड वाढवले की जुन्या फाइली उघडत नाहीत, ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ येते. क्लासमध्ये सिरियल व्हर्जन युआयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) लिहिलेला नसेल, तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते आणि रचना बदलली की तोही बदलतो. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी जेडीकेमधली (जावाच्या विकास-साधनांच्या संचातली) ‘सिरियलव्हर’ ही कमांड जुन्या क्लासवर चालवा आणि आलेला आकडा क्लासमध्ये लिहून टाका. हे राहिले तर जुना डेटा बाहेर काढताना फार हाल होतात.

मग चाळीस क्लासची निवड करा. शेतकरी, वाहन, लिलाव, हिशोबपट्टी यांची नोंद स्वतंत्रपणे टिकायला हवी, म्हणून त्यांना टेबल. पत्ता हा शेतकऱ्याचाच भाग आहे, तो ‘एम्बेडेबल’ करा. त्याचे कॉलम शेतकऱ्याच्या टेबलात बसतील. हिशोब करणारे आणि स्क्रीन दाखवणारे क्लास सोडून द्या.

इनहेरिटन्सवर (एका क्लासपासून दुसरा काढण्यावर) मात्र दिवसभर खर्च झाला तरी चालेल. समजा ‘व्यक्ती’ या क्लासपासून शेतकरी आणि व्यापारी निघाले आहेत. काहीच सांगितले नाही तर हायबरनेट सगळ्यांना एकाच टेबलात घालते. त्यात व्यापाऱ्याचा परवाना क्रमांक ‘नॉट नल’ (रिकामा चालणार नाही असा) करता येत नाही, कारण शेतकऱ्याच्या ओळीत तो रिकामाच असणार. ‘जॉइन्ड’ पद्धतीत प्रत्येकाचे वेगळे टेबल होते आणि अशी अट घालता येते. बदल्यात प्रत्येक क्वेरीत एक जॉइन (टेबलांची जोडणी) वाढतो. पण आमच्या मते इथे दोन्ही चुकीचे. शेतकरी उद्या परवाना काढून व्यापारी झाला तर? ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. म्हणून व्यक्तीचे एक टेबल, भूमिकेचे दुसरे. क्लासची रचना त्यासाठी मोडावी लागली तरी मोडा.

पैसे आणि वजन ‘डबल’मध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) असतील तर ते ‘बिगडेसिमल’ (दशांश अचूक साठवणारा प्रकार) करा. १८.६५ क्विंटल कांदा १,८४५ रुपये भावाने ३४,४०९.२५ रुपयांचा होतो. त्यातून हमाली, तोलाई वजा करत गेल्यावर पट्टीचा शेवटचा पैसाही जुळला पाहिजे. वजनाला दोन दशांश पुरतात, कारण ०.०१ क्विंटल म्हणजे १ किलो. रकमेला एकूण १२ अंक आणि त्यात २ दशांश हे स्वतः लिहा, हायबरनेटवर सोडू नका.

कांद्याचा प्रकार ‘एनम’ (ठरावीक नावांची यादी) असेल तर जेपीए त्याचा क्रमांक साठवते : लाल ०, उन्हाळ १. पुढे कोणी यादीच्या सुरुवातीला पोळ घातला की जुना सगळा लाल कांदा पोळ होतो आणि एररही येत नाही. ‘एनमटाइप स्ट्रिंग’ लावा, म्हणजे क्रमांकाऐवजी नाव साठवले जाईल.

फाइल वाचताना अनपेक्षित टेबल दिसले, उदाहरणार्थ हिशोबपट्टी आणि कपात यांच्यामध्ये, तर ‘वन-टू-मेनी’वर (एका पट्टीला अनेक कपाती या नात्यावर) ‘मॅप्ड-बाय’ (नाते कोणत्या फील्डने जोडले ते सांगणे) राहिले आहे. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) असलेल्या कॉलमवर पोस्टग्रेस्क्यूएल स्वतः इंडेक्स करत नाही, तो तुम्ही जोडा. ‘ऑर्डर’ किंवा ‘युजर’ नावाचा क्लास असेल तर टेबलाला वेगळे नाव द्या. हे एसक्यूएलचे राखीव शब्द आहेत. मराठी नावांना लांबी सढळ ठेवा : ‘नाशिक’ तीन अक्षरी दिसले तरी डेटाबेस ५ मोजतो.

प्रश्न : सर्व्हरवर हायबरनेटचे ‘अपडेट’ सेटिंग कायम चालू ठेवले तर?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : ठेवू नका. ते कॉलम वाढवते, पण काढत नाही आणि नावही बदलत नाही. ‘भाव’ या फील्डचे ‘दर’ केलेत तर ‘दर’ हा नवा रिकामा कॉलम येतो आणि जुने आकडे ‘भाव’मध्येच पडून राहतात. वर सांगितलेली तपासलेली फाइल फ्लायवेची (डेटाबेसमधले बदल क्रमाने लावणाऱ्या साधनाची) पहिली आवृत्ती म्हणून ठेवा, पुढचा प्रत्येक बदल क्रमांक देऊन वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि सर्व्हरवर हायबरनेटला फक्त ‘व्हॅलिडेट’ (टेबले न बदलता फक्त तपासणे) द्या. टेबल किंवा कॉलम कमी असला, की प्रोग्रॅम सुरू होतानाच थांबेल.