ड्राफ्टसाठी कॉलेज लवकर सोडण्याआधी
एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी फेऱ्यांमध्ये नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेसाठी, कॉलेज सोडावे का, हे ठरवताना पहिल्या फेरीत निवड होण्याची शक्यता आधी तपासा. कारण त्या फेरीतील खेळाडूच्या करारात पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते, दुसऱ्या फेरीत ती आपोआप मिळत नाही. नाव नोंदवूनही मुदतीत माघार घेता येते, आणि लीगची सल्लागार समिती संभाव्य स्थानाविषयी गोपनीय मत कळवते. ते कितीही कडू वाटले तरी एजंटांच्या आश्वासनांपेक्षा मोलाचे माना. बास्केटबॉलपटू टिम डंकन वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षे खेळला आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तरीही दुखापतीचा धोका पाहता प्रत्येकाने तेवढे थांबावे, असे मी म्हणणार नाही. मात्र २०२१ पासून कॉलेजात असतानाही जाहिरातींतून कमाई करता येते, त्यामुळे केवळ घरच्या आर्थिक ओढाताणीपोटी घाई करू नका.